होकाराआधी आलेली स्ट्रॉबेरी

आकाशनं टेम्पोरिक्षातून शेवटचं खोकं उतरवून आत आणलं तोवर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दिवाणावर खोकी, शिलाई मशीनवर खोकी, शोकेसला टेकून रचलेली खोकी. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या टेबलावर तेवढं सुकेशनीनं कुणाला काही ठेवू दिलं नव्हतं. रविवारची सकाळ होती. फेब्रुवारीचं ऊन अजून कोवळं होतं, तरी स्ट्रॉबेरीचा आंबटगोड वास दारातून बाहेर पडून गल्लीत पोचला होता.

“सुदर्शनच्या मामाच्या रानातली आहे सगळी,” आकाश मान पुसत म्हणाला. “निवडून निवडून भरलीय. काल ट्रॅव्हल्सवर टाकली, आज आपल्या दारात. लई हौशी मंडळी आहेत वहिनी.”

“पण आपण त्यांना होकार कुठं कळवलाय अजून?”

“आता कळवायचं काय राह्यलंय? इतका माल कुणी उगाच धाडतं व्हय?”

तो शीळ घालत जिना चढून गेला. चिकलठाण्यातलं हे घर दोघा भावांनी मिळून बांधलेलं. खाली थोरला संघपाल, सुकेशनी आणि त्यांची मुलगी प्रेरणा. वर धाकटा आकाश आणि त्याची बायको सरिता. चुली दोन होत्या, पण भांडण झालं तरी दोन्ही घरांची दारं रात्रीखेरीज बंद होत नसत. गोजरबाई, दोघांची आई, मनाला येईल त्या मजल्यावर जेवायची.

सुदर्शनचं स्थळ सरितानंच आणलं होतं. तिच्या मावशीचा मुलगा, गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. मागच्या रविवारी ती माणसं प्रेरणाला बघून गेली. पोहे झाले, फोटो झाले, पोरं गच्चीवर बोलून आली. निघताना मुलाच्या आईनं प्रेरणाच्या गालावरून हात फिरवला. संघपाल म्हणाला, “विचार करून कळवतो.” तो विचार आठवडाभर चालला होता, म्हणजे खरं तर कुणीच करत नव्हतं. सरिता आणि आकाश होकार धरून चालले होते, संघपाल ड्युटीवर जात-येत होता, आणि प्रेरणा गप्प होती.

त्या गप्प राहण्यानंच सुकेशनीची झोप उडाली होती. एरवी ही पोर लॅबमधून आली की चप्पल काढायच्या आधी बोलायला लागायची. कुणाचं रक्त काढताना कोण चक्कर येऊन पडलं, कोण डॉक्टर कुणावर ओरडला. आठवडाभर ती आली, जेवली, झोपली. विचारलं तर म्हणायची, “काही नाही मम्मी, दमलेय.”

गोजरबाई काठी टेकत आली आणि दारातच थांबली. खोक्यांकडं तिनं असं पाहिलं की जणू कुणी घरात न विचारता मुक्कामाला आलंय.

“कुणी तोंडात टाकली का?”

“नाय आत्याबाई. आत्ताच आली.”

“टाकू बी नका. आमच्या टायमाला पोराकडची साखर तोंडात गेली की सोयरीक पक्की. मंग पोरीच्या बापानं किती बी हात जोडले तरी उपेग नव्हता.”

“मग करायचं काय एवढ्याचं? परत धाडावी तर वाटेतच नासंल.”

“ते तुमचं तुम्ही बघा,” म्हातारी म्हणाली, आणि दिवाणावरचं एक खोकं सरकवून स्वतःपुरती जागा करून बसली.

सुकेशनीनं एक खोकं उघडलं. वरच्या थराची फळं बघून कुणालाही मोह व्हावा, अशी टपोरी, तकतकीत. खालच्या थराला हात घातला तर बोटं ओली झाली. पुठ्ठ्याच्या तळाला लाल डाग पडायला लागले होते. तिनं दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडं तेच. प्रवासात दबलेली फळं पाणी सोडत होती आणि शेजारच्यांना नासवत होती. घरात फ्रिज एकच, त्यात दूध आणि कणीक ठेवून उरते तेवढीच जागा.

होकार द्यायचा की नकार, हे महिनाभर लांबवता आलं असतं. पाहुण्यांना सांगता आलं असतं की पत्रिकेचं आमच्यात नसतं पण थोरल्या मामांना विचारायचंय, पोरीची परीक्षा आहे, घरात आजारपण आहे. हे फळ मात्र उद्या सकाळपर्यंतसुद्धा थांबणार नव्हतं.

भिंतीपलीकडून नसीमभाभीनं हाक मारली. “अगे सुकेशनी, क्या आया गे इत्ता? पूरी गल्ली महक री!”

“स्ट्रॉबेरी आलीय भाभी. ढीगभर. काय करू सुचंना.”

नसीमभाभी पदर डोक्यावर घेत आलीच. तिनं दोन-तीन फळं हातात दाबून पाहिली. “ये नरम है सो आजिच पका डाल. शक्कर डालके मुरब्बा. लिंबू निचोड उसमें, रंग नइं उतरता. कुछ का शरबत बना. और ये कड़क वाली मेरे फ्रीजर में रख दे, जगा है. मेरा बड़ा भगुना भी ले जा. फेंक नक्को गे, गुना लगता.”

सुकेशनीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. शिजवलं की टिकतं. टिकलं की ठरवायला वेळ मिळतो. मुरंबा बरणीत गेला की तो खाल्लेलाही नाही आणि नासवलेलाही नाही. नकार द्यायचा झाला तर बरण्या बांधून सन्मानानं परत करता येतील. तिनं पदर खोचला आणि प्रेरणाला हाक मारली.

मायलेकी स्वयंपाकघरात फरशीवर परात घेऊन बसल्या. कडक फळं एका बाजूला, दबलेली दुसऱ्या बाजूला, बुरशी धरलेली बादलीत. नसीमभाभीचं भगुनं गॅसवर चढलं. साखर विरघळली तसा फळांनी रस सोडला, कडेला गुलाबी फेस आला. सुकेशनी मधूनमधून उठून पळी फिरवत होती. प्रेरणा सुरीच्या टोकानं देठं काढत होती. तिची बोटं नखांपर्यंत लाल झाली होती.

“तुला आवडला नाय का गं तो?” सुकेशनीनं पाठमोरं राहूनच विचारलं. तोंडासमोर विचारलं तर पोरगी पुन्हा दमल्याचं सांगेल, असं तिला वाटलं.

प्रेरणानं आणखी दोन देठं काढली.

“मम्मी, गच्चीवर त्यानं माझा मोबाईल मागितला.”

“कशाला?”

“म्हणाला, बघू तुझा मोबाईल. मला वाटलं नंबर टाकायचाय. दिला. तर तो फोटो बघायला लागला. एकेक करत. मी म्हटलं, द्या ना. तर हात वर केला. हसत होता. हा कोण, ही कोण, हे कधीचं, असं विचारत होता. वेरूळला आम्ही कॉलेजचे सगळे गेलो होतो ना, लेण्यांसमोर काढलेले फोटो, त्यात पोरं पण होती. ते त्यानं पुसून टाकले.”

सुकेशनी वळली. “पुसले म्हणजे?”

“डिलीट केले. माझ्यासमोर. म्हणाला, लग्नानंतर हे असलं चालणार नाही, आत्तापासूनच साफसफाई करू. आणि मोबाईल माझ्या हातात ठेवून म्हणाला, रागावलीस का? मग खाली आलो. तुम्ही सगळे हसत होतात. काकू म्हणाली, बघा कशी लाजलीय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मारलं नाही, शिवी दिली नाही.” प्रेरणानं सुरी परातीत ठेवली. “रोज रात्री त्याचा मेसेज येतो. कुठं होतीस, कोण होतं बरोबर. उत्तर द्यायला उशीर झाला की लगेच फोन. मला मोबाईल वाजला तरी भीती वाटते आता, मम्मी.”

सुकेशनीला तिला जवळ घ्यायचं होतं, पण दोघींचे हात रसानं बरबटलेले. ती तशीच तिच्याशेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. तिच्या डोळ्यांपुढं मागच्या रविवारची प्रेरणा उभी राहिली; जिना उतरताना कठड्याला घट्ट धरलेली. तेव्हा आपणही हसलोच होतो.

तेवढ्यात बाहेरून बायकांचा आवाज आला. “सुकेशनीताई, अभिनंदन! पेढ्यांऐवजी स्ट्रॉबेरी का यंदा?”

कोपऱ्यावरच्या दोघीजणी विहारातून परतत होत्या. दोघींच्या हातात द्रोण. सुकेशनी उठून पुढच्या खोलीत गेली. शोकेसला टेकून रचलेल्या खोक्यांतली वरची दोन गायब होती आणि दिवाणावर गोजरबाईला डुलकी लागली होती.

“कुणी दिली तुम्हाला?”

“सरिताबाईंनी! वंदना झाल्यावर सगळ्यांना वाटली. म्हणाल्या, प्रेरणाच्या सासरहून आलीय. कधी मग साखरपुडा?”

सुकेशनी काय पुटपुटली ते तिचं तिलाच कळलं नाही. बायका हसत निघून गेल्या. मागं दारात प्रेरणा उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

सरिता आली ती रिकामे पुठ्ठे काखेत मारून, घामेजलेली आणि खुशीत. तिच्या मागोमाग संघपालही आला. एसटीची पैठण फेरी संपवून, अंगात खाकी, डोळ्यांत झोप. खोकी बघून तो दारातच थबकला.

“ही काय बाजारपेठ मांडलीय?”

“दादा, तुमच्या लेकीच्या सासरची भेट,” सरिता म्हणाली. “विहारात वाटून आले. काल माझ्याशी भांडलेल्या बायकासुद्धा गोड बोलल्या.”

“सरिता,” सुकेशनी म्हणाली, “कुणाला विचारून वाटलीस?”

“विचारायचं काय त्यात अक्का? नासून चालली होती. आणि आनंदाची गोष्ट लपवायची कशाला?”

“ठरलं कुठं होतं अजून?”

आवाज ऐकून आकाश खाली उतरला. सुकेशनीनं प्रेरणाकडं पाहिलं. पोरीनं मान हलवली. मग सुकेशनीनं सगळं सांगितलं, मोबाईल, फोटो, रात्रीचे मेसेज. या घरात ती सून म्हणून आल्यापासून सगळ्या माणसांसमोर एवढं सलग कधी बोललीच नव्हती.

संघपाल उंबऱ्यावरच बसला. त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

“एवढ्यावरून?” सरिता म्हणाली. “आजकालची पोरं मोबाईल बघतातच एकमेकांचे. हौस असते. काळजी असते. आणि प्रेरणा, तुलाच नको असेल तर तेव्हाच बोलायचं. आता गल्लीभर झालं. मावशीला मी काय सांगू? माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ मी?”

“तुम्ही गल्लीभर केलंत काकू,” प्रेरणा म्हणाली.

“ऐकलंत का, कशी बोलती ही माझ्याशी!”

“वहिनी, जरा शांतपणे घेऊ,” आकाश मध्ये पडला. “मी सुदर्शनशी बोलतो. समजावतो त्याला. पोरगा चांगला आहे, नोकरी चांगली आहे. दादा, तू सांग ना काहीतरी.”

संघपाल टोपी फिरवतच राहिला. “घाईत काही नको ठरवायला,” तो शेवटी म्हणाला. “फळ तर घेतलंय आपण त्यांचं.”

सुकेशनीला वाटलं, हे असंच होत राहणार. कुणी ठरवणार नाही आणि ठरत जाईल. उद्या आकाश फोन करेल, परवा ती माणसं तारीख सांगतील, आणि एक दिवस पोरगी मांडवात उभी असेल.

दिवाणावरून काठी आपटल्याचा आवाज आला. गोजरबाईकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

“न इचारता पुसलं?” म्हातारीनं प्रेरणाला विचारलं.

“हो, आजी.”

“तू दे म्हनली, तरी दिला नाय?”

“नाही दिला. हात वर धरला.”

गोजरबाईनं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. “आन् हसत व्हता,” ती स्वतःशीच म्हणाली. मग सुनेकडं वळली. “सुकेशनी, लाव फोन. त्याला नगं, त्याच्या आईला लाव. आपन पोरगी देनार नाय म्हनावं.”

“आई, अगं तूच म्हणायचीस ना, एकदा घेतलं की…” आकाश म्हणाला.

“म्या लई काय काय म्हनले आजवर. गप बस.”

सरिता रडायला लागली. आकाशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि संघपालकडं रोखून पाहिलं. भावांमध्ये हे आता राहणार होतं. घर एक, जिना एक, नळ एक, आणि मध्ये हे. तरीही तिनं हात पुसून मोबाईल उचलला. तिचं बोट काचेवर लाल डाग पाडत गेलं.

“हां बोला, बोला!” पलीकडून मोकळा आवाज आला. “पोचली का फळं? माझ्या भावानं सोताच्या हातानं खुडली बरं का. म्हटलं, पोरीच्या घरी जायची हायेत.”

“पोचली ताई. फळ लई छान आहे.” सुकेशनीनं डोळे मिटले. “ताई, वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला ही सोयरीक करायची नाय.”

पलीकडं टीव्हीचा आवाज चालू होता. कुणीतरी हसत होतं. मग तो आवाज लांब गेला, एक दार लागलं.

“आमच्यात काय कमी दिसली?”

“तुमच्यात काही कमी नाय. तुमच्याशी खोटं बोलायला जीभ वळत नाही म्हणून सांगते.” आणि तिनं सांगितलं. सांगत असताना स्वयंपाकघरातून करपल्याचा बारीकसा वास आला आणि तिच्या लक्षात आलं, भगुनं गॅसवर तसंच आहे. पण फोन ठेवता येत नव्हता. तिनं मान वळवून पाहिलं तर सरिता उठून आत गेली होती. नाक ओढत, पदरानं डोळे पुसत ती पळी फिरवत होती, तळापासून, जोर लावून.

“फोटूत काय हुतं असं?” पलीकडच्या बाईनं विचारलं.

“कॉलेजची पोरंपोरी. लेणी बघायला गेलेली.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि वेगळं काही असतं, तरी मोबाईल तिचा होता.”

सुकेशनीला पलीकडून बाईचा श्वास ऐकू येत होता. आता शिव्या येणार, म्हणून तिनं मन घट्ट केलं.

“पोरगी भ्याली का हो?” बाईनं हळू आवाजात विचारलं.

“व्हय ताई. भ्यालीय.”

“मग बरं केलंसा सांगितलंसा.” थोडं थांबून ती म्हणाली, “त्याला मी बोलते. पुन्यांदा मेसेज येनार न्हाई तिला. आन् फळं माघारी धाडू नका. वाटंतच खराब व्हतील. मिरची आन् गूळ घालून चटणी करा. भाकरीसंगं चांगली लागती.”

तिनं फोन ठेवला. सुकेशनी तो कानाशी तसाच धरून उभी राहिली. पुढच्या खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते.

“काय म्हणाल्या?” संघपालनं विचारलं.

“चटणी करा म्हणाल्या.”

आकाश वर निघून गेला. संघपाल जिन्यापर्यंत त्याच्या मागं गेला, पहिल्या पायरीवर उभा राहिला, आणि परत आला. गोजरबाई सुपारी कातरायला लागली. आत सरितानं गॅस बंद केला. ती सुकेशनीच्या अंगावरून गेली तेव्हा तिच्याकडं न बघता म्हणाली, “बुडाला लागलं होतं. वरचं चांगलं आहे. वेगळ्या भांड्यात काढून ठेवलंय.” मग तीही वर गेली. थोड्या वेळानं वरचं दार लागल्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या ते दार लागल्याचं सुकेशनीनं पहिल्यांदाच ऐकलं.

तिनं दुपारभर काम केलं, कारण बसली असती तर रडली असती. मुरंबा बरण्यांत भरला. सरबताचा अर्क गाळून नसीमभाभीच्या बाटल्यांत ओतला. कडक फळं ताटांत पसरून भाभीच्या फ्रीजरमध्ये गेली. गोजरबाईनं पाट्यावर मिरची आणि गूळ घालून चटणी वाटली. संघपालनं वर्दीसकट बसून देठं काढली, आणि प्रत्येक फळाबरोबर निम्मा गरही काढला. बरंच संपलं, तरी दोन खोकी उरलीच.

“ही शेजाऱ्यांना देऊ,” सुकेशनी म्हणाली. “सरितानं विहारात जे सांगितलं तेही निस्तरायला लागंल. माझं मी जाते.”

“मी येते,” प्रेरणा म्हणाली.

“लोक विचारतील पोरी.”

“विचारू दे.”

संध्याकाळचं विमान जवळच्या विमानतळावरून उठून गल्लीवरून गेलं तेव्हा दोघी परात घेऊन बाहेर पडल्या. पहिल्या दारात सुकेशनीनंच सांगितलं, “सोयरीक जमली नाय. फळ चांगलं आहे, घ्या.” त्या घरातल्या बाईनं डोळे मोठे केले आणि आतून ताटली आणून फळं घेतली. दुसऱ्या दारातही सुकेशनीच बोलली. तिचे शब्द अडखळत होते. दोन घरं सोडून पुढं सकाळी अभिनंदन करून गेलेल्यांपैकी एकजण उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिनं परात पाहिली, मायलेकींना पाहिलं, आणि ओठ दुमडून म्हणाली, “अगंबाई, मोडलं का? काय झालं? मुलाकडच्यांनी नाही म्हटलं?”

सुकेशनीनं तोंड उघडलं.

प्रेरणानं परातीतून ओंजळभर फळं उचलली आणि बाईच्या सुपात, लसणाच्या पाकळ्यांशेजारी, नीट ठेवली.

“नाही काकू,” ती म्हणाली. “मी नाही म्हटलं.”

आणि आईची वाट न बघता पुढच्या दाराकडं निघाली.